चांदीवर आम्लाची क्रिया होत नाही

"चांदीवर विरल आम्लाची क्रिया होत नाही," नेची डोळे मिटून म्हणाली, आणि तिथेच थांबली.

दॉ तिन न्युन यांनी हातातल्या पानावर बोट ठेवून जरा वाट पाहिली. पुढचं वाक्य 'तथापि'ने सुरू होत होतं. पोरगं अडकलं की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द सांगायचा, बाकीचं आपोआप घरंगळत बाहेर येतं, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव.

"तथापि," त्या म्हणाल्या.

"ते येतंय मला, सयामा. पण हे खरं नाहीये."

"काय खरं नाही?"

"क्रिया होत नाही म्हणतात ते. होते की! आजोबा वाडगा भट्टीतून काढतात तेव्हा काळाठिक्कर असतो. मग आजी तो चिंचेच्या पाण्यात उकळते आणि पांढराशुभ्र होऊन निघतो. चिंच म्हणजे आम्लच ना?"

"असेल."

"आणि पाणी निळसर होतं. मी बघितलंय, ते ओतायचं काम माझंच असतं. क्रिया होत नाही तर मग पाणी निळं कशानं होतं?"

दॉ तिन न्युन यांना उत्तर माहीत नव्हतं. माहीत नसलं की त्या थट्टेवर नेत, ही त्यांची जुनी सवय.

"असं करू या. यंदा परीक्षेला आजोबांना बसवू. तू घरी जाऊन वाडगे घास. तथापि..."

नेची खुदकन हसली. मग 'तथापि' पकडून तिने उरलेलं पान एका दमात म्हणून टाकलं.

उ टुन यिन यांच्या बोर्डरमध्ये दिवस असाच उजाडतो. बोर्डर म्हणजे पोरांनी राहायचं, खायचं आणि घोकायचं घर. मंडालेत अशी घरं गल्लोगल्ली आहेत. दहावी ही आमच्याकडची शेवटची इयत्ता, आणि तिच्या गुणांवर पोर डॉक्टर होणार की बापाच्या दुकानात बसणार हे ठरतं, त्यामुळे या घरांना मरण नाही. पहाटे अंगणभर पोरं फेऱ्या मारत मोठ्यांदा पाठ म्हणत असतात. कुणाचं गंधक चाललेलं, कुणाचे वायूंचे नियम, कुणाचे आम्ल आणि क्षार. पुस्तक इंग्रजीत, पोरं बर्मी, आणि घोकणं या दोहोंच्या मधल्या कुठल्यातरी तिसऱ्याच भाषेत. समजलं की नाही हे विचारायची पद्धत नाही. आलं की नाही, एवढंच विचारतात.

दॉ तिन न्युन तिथे गाईड होत्या. गाईडने शिकवायचं नसतं. शिकवायला सया, म्हणजे मास्तर असतात, ते फळ्यावर एकदा शिकवून मोकळे होतात. गाईडने पोराशेजारी बसायचं, पान हातात धरायचं, ऐकायचं, आणि एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला तरी वाक्य परत म्हणायला लावायचं. वर्षानुवर्षं ऐकून बाईंना रसायनाचं अख्खं पुस्तक पाठ होतं. परीक्षानळी मात्र त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती.

धरायची राहून गेली, असं म्हणायला हवं. अठ्ठ्याऐंशी साली त्या विद्यापीठात रसायनाच्या पहिल्या वर्गात होत्या. दहावीला रसायनात विशेष गुण मिळाले म्हणून वडिलांनी गल्लीभर मोहिंग्याचे, म्हणजे माशाच्या रश्श्यातल्या शेवयांचे, वाडगे वाटले होते. प्रयोगशाळा त्यांनी खिडकीच्या काचेतून पाहिली. पांढरी चिनी मातीची भांडी, लाकडी घोड्यांवर टांगलेल्या नळ्या. प्रात्यक्षिकं पुढच्या आठवड्यापासून, असं सांगण्यात आलं आणि पुढच्या आठवड्यात विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटून विद्यापीठच बंद पडलं. ते पुन्हा उघडेपर्यंत वडील गेले होते, आईने अंथरूण धरलं होतं आणि जमत आलेलं लग्नही फिसकटलं होतं. त्या वयाची अशी बाई आमच्याकडे घरटी एक तरी सापडेल, त्यामुळे कुणी कुणासाठी हळहळत बसत नाही.

नेची सगाईंजवळच्या चांदीवाल्यांच्या गावातली. घरात पिढ्यान्‌पिढ्या हातोडी आणि भट्टी. बापाने ठरवलं होतं की ही पोर डॉक्टर होणार. मागच्या वर्षी तिचा रसायनाचा पेपर बेताचा गेला, तर बापाने तिला शेवटच्या पेपरला बसूच दिलं नाही. नापास झालेलं पोर पुन्हा बसू शकतं. काठावर पास झालेल्याला मात्र त्याच गुणांवर जन्म काढावा लागतो. आमच्याकडे शहाणे आईबाप असंच करतात. तेव्हा नेची मुद्दाम नापास झालेली, आणि यंदा रसायनात विशेष गुण मिळवण्यासाठी खास दॉ तिन न्युन यांच्या हवाली केलेली. तिसरी संधी द्यायला बाप तयार नव्हता. यंदा नाही जमलं तर मामेभावाशी लग्न, असं त्याने सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं.

पोरगी हुशार होती आणि बडबडीही. पाठ म्हणता म्हणता मध्येच थांबायची. "सयामा, मेणबत्ती जळते तेव्हा मेण जातं कुठे?" "सयामा, चुन्यात पाणी घातलं की उकळतं, मग पान खाताना तोंड का नाही भाजत?" बाई वरवर रागवायच्या. पण रात्री अंथरुणावर पडल्या की हसायच्या. इतकी वर्षं नुसते कान झिजवल्यावर प्रथमच कुणी त्यांना काहीतरी विचारत होतं. बाकीच्या पोरांनी फक्त 'चुकलं का?' एवढंच विचारलं होतं.

मग महिन्याच्या चाचणीत नेचीने घोळ घातला. चांदीचे गुणधर्म लिहा, असा प्रश्न होता. तिने सगळं शब्दन्‌शब्द बरोबर लिहिलं आणि खाली स्वतःची एक ओळ जोडली: 'परंतु आमच्या घरी चांदी चिंचेत उकळल्यावर पाणी निळे होते, याचे कारण समजत नाही.'

उ टुन यिन यांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. रसायन त्यांना खरोखरच येत होतं, आणि चिडले तरी आवाज चढवायचे नाहीत.

"सयामा, हे काय आहे?"

"पोर आहे, सया. सुचलं ते लिहिलंन्."

"तेच म्हणतोय मी. सुचायला कशाला लागलं? तपासणारा माणूस दिवसाला ढीगभर पेपर उपसतो. 'कारण समजत नाही' एवढं वाचलं की तो म्हणणार, हिला समजत नाही. गुण कापून मोकळा!"

"मी सांगते तिला."

"तिच्या बापाचा काल फोन होता. तुमच्या जागी दुसरी गाईड द्या म्हणत होता. मी म्हटलं, दॉ तिन न्युनच्या हातून आजवर एक पोर वाया गेलेलं नाही. माझा शब्द खाली पडू देऊ नका."

बाई बाहेर आल्या तेव्हा नेची पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर पाय हलवत बसली होती. गालांवरचा तनाखाचा लेप रडून रडून ओघळला होता. चाचणीचा कागद तिलाही मिळाला होता.

"इकडे बघ," बाई तिच्याजवळ बसल्या. "तुला डॉक्टर व्हायचंय की मामेभावाचा भात शिजवायचाय?"

"डॉक्टर."

"मग परीक्षा होईपर्यंत प्रश्न बंद. ते चांदीबिंदीचं सगळं डोक्यातून काढून टाक. साफ काढून टाक. पेपर झाले की मी स्वतः तुला उत्तर शोधून देईन. ही माझी शपथ."

"नक्की?"

"नक्की. आता रड आवर आणि हॅलोजनं म्हण."

नेचीने नाक पुसलं आणि हॅलोजनं म्हटली. एकही चूक झाली नाही. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपण पोरीला वाचवलं, असंच त्यांना वाटलं, आणि त्या वेळी ते खोटंही नव्हतं.

नेचीने चांदीचा प्रश्न बंद केला आणि त्याच्याबरोबर बाकीचेही केले. मेणबत्ती गेली, चुना गेला. सकाळी यायची, डोळे मिटायची, पान संपलं की पुढचं पान. कधीतरी बाईच म्हणायच्या, "दमलीस का गं? जरा बोल काहीतरी." तर म्हणायची, "नको सयामा, लिंक तुटते." बाईंना बरं वाटायचं, आणि कशाने तरी बरं वाटायचंही नाही.

थंडीचे दिवस आले. अंगणात गारठा असायचा, म्हणून सगळी पोरं सकाळी आतल्या दालनात चटया टाकून बसायची. सगळ्यांचा आवाज एकमेकांत मिसळून नुसता कल्लोळ. या कल्लोळात आपल्या पोराचा आवाज तेवढा वेचून ऐकणं, हे गाईडचं खरं कसब. दॉ तिन न्युन नेचीचं ऐकत होत्या. ती आम्लांवर होती. डाव्या हाताला फ्यो नावाचा मुलगा खाजवत, जांभया देत तांबं घोकत होता.

"तांबे हवेत तापवले असता," फ्यो म्हणाला, "काळ्या रंगाचे ऑक्साईड तयार होते."

"धातूचे ऑक्साईड व आम्ल," नेची म्हणाली, "यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी तयार होते."

"तांब्याच्या क्षारांचा रंग," फ्यो म्हणाला, "निळा असतो."

बाईंच्या हातातलं पान खाली आलं. ही तिन्ही वाक्यं त्यांनी हजारदा ऐकली होती. तीन वेगळ्या धड्यांत, तीन वेगळ्या पोरांच्या तोंडून, एकामागून एक अशी कधीच नाही. नुसत्या चांदीचा वाडगा घडवता येत नाही, मऊ पडतो, म्हणून सोनार त्यात थोडं तांबं घालतो, हे तर मंडालेत शेंबडं पोरही सांगेल. भट्टीत काळं पडतं ते तांबं. चिंच खाते ती तांब्याचं काळं. निळं होतं ते तांब्याने. आणि चांदी? चांदी तशीच, स्वच्छ, तळाशी. तिच्यावर आम्लाची क्रिया होत नाही. पुस्तकही खरं आणि पोरगीही खरी!

बाईंना वाटलं, उठावं आणि ओरडावं. एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात त्यांना आज पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं. पाठ होणं निराळं आणि हे निराळं, हे त्यांना त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की डोळ्यांत पाणीच आलं. त्या नेचीकडे वळल्या. पोरीने डोळे मिटले होते, अंग मागेपुढे डोलत होतं, आम्लांचं पान अगदी रंगात आलं होतं. तिच्या खांद्याला हात लावला असता तर पुरे होतं. दोन वाक्यांचं काम.

पण पान तुटलं असतं. परीक्षा तोंडावर आलेली. बाईंनी कागद पुन्हा वर धरला आणि ऐकू लागल्या.

दुपारी न राहवून त्यांनी उ टुन यिनना गाठलं आणि शाळकरी मुलीसारखं सगळं धडाधडा सांगितलं. सया चहा पिता पिता थांबले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. बसल्या बसल्या जमलं."

"शाबास. मलाही पूर्वी असलं सांगायची फार खोड होती हो. पोरं तासन्‌तास ऐकायची आणि परीक्षेत आपटायची." सयांनी कप खाली ठेवला. "तिला सांगितलंत का?"

"नाही. म्हटलं, पेपर झाल्यावर."

"छान केलंत."

ही शाबासकी घेऊन बाई दिवसभर मिरवल्या. आज त्यांना त्या शाबासकीची लाज वाटते. दुसऱ्याने पाठ थोपटली म्हणून आपण पोरीचं देणं खिशात घालून बसलो, असं त्या म्हणतात.

पेपरांच्या आदल्या संध्याकाळी नेची नमस्काराला आली तेव्हा मात्र बाईंना राहवेना. "तुला एक गंमत सांगू?" त्या म्हणाल्या. "अगदी छोटी आहे."

"आज नको, सयामा," नेचीने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "डोकं काठोकाठ भरलंय. नवीन काही आत गेलं तर जुनं बाहेर सांडेल."

तेही खरंच होतं. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत्ता नाही तर सुट्टीत, असं स्वतःशी म्हटलं.

पेपर झाले. पाण्याचा सण आला आणि गेला, पोरं गावोगाव पांगली, बोर्डर ओस पडलं. दॉ तिन न्युन आपल्या एका खोलीत बसून दिवस मोजत राहिल्या. शपथ घेतली होती, तेव्हा उत्तर नुसतं तोंडी देणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी विजेच्या दुकानातून तांब्याच्या तारेचे तुकडे मागून आणले, शेगडीच्या निखाऱ्यांवर काळे होईपर्यंत धरले, आणि चार वेळा गाळलेल्या चिंचेच्या पाण्यात टाकून उकळत ठेवले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा पाणी आटून भांडं करपलं. शेजारीण येऊन वास घेऊन गेली आणि म्हणाली, "काय गं, कुणावर करणी करतेस की काय?" तिसऱ्यांदा तारा लखलखीत तांबूस निघाल्या आणि पाण्याला फिकट, हिरवट अशी निळाई आली. बाई एकट्याच टाळ्या पिटत हसल्या. खिडकीच्या काचेपलीकडे राहिलेली ती प्रात्यक्षिकं अशी तीस वर्षांनी शेगडीवर सुरू झाली. पाणी त्यांनी मधाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं.

जूनमध्ये निकाल लागला. नेचीला सहाच्या सहा विषयांत विशेष गुण. गावात वाजतगाजत फिरवलं म्हणे तिला. दोन दिवसांनी सगळं कुटुंब गाडी करून बाईंच्या खोलीवर आलं. बाप, आई, नेची, आणि आठेक वर्षांची धाकटी चो. नवी लुंगी, बिस्किटांचा डबा, आंब्यांची करंडी. खोलीत बसायला जागा उरली नाही.

"नेची," बसते न बसते तोच बाई म्हणाल्या, "तुझं उत्तर तयार ठेवलंय मी. थांब हं." आणि त्यांनी फडताळातून बाटली काढून तिच्या हातात दिली.

"हे काय, सयामा? सरबत?"

"तुझं निळं पाणी."

नेचीने बाटली उजेडात धरली. "छान आहे रंग," ती म्हणाली. "पण माझं कसलं?"

"अगं, चांदीचा वाडगा! चिंचेत उकळतात तो. क्रिया होत नाही तर पाणी निळं कशानं होतं, म्हणून विचारलं नव्हतंस का?"

"मी?" नेचीने आईकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे. आठवण्याचा तिने मनापासून प्रयत्न केला, तेवढं बाईंना दिसलं. "मी विचारलं होतं असं? कधी?"

"चाचणीत लिहिलंसुद्धा होतंस. टाकीवर बसून रडलीस."

"रडले ते आठवतंय. तुम्ही म्हणालात ना, डोक्यातून साफ काढून टाक म्हणून? काढलं असेल मग." आणि ती गोड हसली. तिच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता.

"बरं, असू दे. ऐक. वाडग्यात थोडं तांबं असतं. ते भट्टीत तापलं की त्याचं ऑक्साईड होतं. आता ऑक्साईड आणि आम्ल मिळून काय तयार होतं, सांग बघू?"

"अगंबाई, सयामा!" नेचीने कानांवर हात ठेवले. "शेवटचा पेपर झाला त्याच दिवशी सगळं वाहून गेलं. आता नका ना विचारू!"

सगळे हसले. बाईही हसल्या. नेची मग शहाण्यासारखी पुढे ऐकायला बसली, प्रत्येक वाक्याला मान हलवू लागली, आणि ती मान बघून बाईंनी तांब्याचं अर्ध्यावरच सोडून दिलं. बाटली परत फडताळात ठेवायचं त्यांना सुचलं नाही, ती चटईवरच राहिली.

"सयामा, तुमचे उपकार कसे फेडायचे?" आई जवळ सरकून म्हणाली. "गुणांचं सोडा, गुण देवाने दिले. पण पोर किती बदलली! लहानपणापासून नुसतं हे का नि ते का. जीव नकोसा करायची. आजोबांना हातोडी मारू देत नसे. आता सांगितलं तेवढं ऐकते, उलट शब्द नाही. सगळे विचारतात, सयामांनी काय जादू केली?"

दॉ तिन न्युन यांनी आंब्यांची करंडी भिंतीकडे सरकवली.

"आणि ही धाकटी हिच्याही वरताण आहे बघा. येताना पुलावर हिने आम्हाला छळ छळ छळलं. नदी गढूळ का, होडी बुडत का नाही! दहावीला आली की हिला तुमच्याच ओटीत घालणार. मग आम्हाला काळजी नाही."

"ह्यात काय घातलंय?" चोने बाटली उचलून विचारलं.

"ठेव ती खाली!" आई म्हणाली. "मोठ्यांच्या वस्तूंना हात लावू नये."

हिला आणू नका, असं बाईंना म्हणायचं होतं. माझ्याकडे तर मुळीच आणू नका. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण समोर बाप हात जोडून बसला होता, निघायची वेळ झाली म्हणून गाडीवाला खाली हॉर्न वाजवत होता, आणि चौघंही नमस्कारासाठी गुडघे टेकून ओळीने बसली होती. आता आशीर्वादाची वेळ होती.

चौघांनी तीन वेळा डोकं चटईला टेकवलं. तिसऱ्या खेपेला चोने मान मध्येच वर काढली आणि बाटलीतल्या पाण्याकडे बघत राहिली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवून ते हळूच खाली दाबलं.

निरोगी राहा, दीर्घायुषी व्हा, संकटं दूर राहोत, मनी धराल ते होवो. आमच्याकडचा आशीर्वाद चांगला लांबलचक असतो. दॉ तिन न्युन तो कुठेही न अडखळता शेवटपर्यंत म्हणाल्या.